साप चावला तर कायदा काय म्हणतो?



डिसेंबर आला की नागपुरात दोन पाहुणे हमखास येतात. एक थंडी आणि दुसरं विधिमंडळाचं अधिवेशन! मोर्च्यांमुळे रस्ते अडतात, शाळेची बस वळसा घेते आणि आपण कुरकुरतो. पण विधानभवनात काय चालतं, ठाऊक आहे? तिथं झालेल्या एका कायद्याची गोष्ट आज सांगतो.

समजा, एका मुलाला साप चावला. कोणी म्हणालं, "दवाखान्यात नेऊ नका, मी मंत्रानं विष उतरवतो." आता काय करायचं? त्याच्या श्रद्धेचा मान राखायचा, की मुलाचा जीव वाचवायचा?

असल्या प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटत होते. विरोधही मोठा होता. अनेक वारकऱ्यांना वाटे, हा कायदा उद्या आमची वारी आणि कीर्तनही बंद करील! आमदारांना त्यांचं ऐकावंच लागलं. तेही मतदारच ना! मसुदा पुनःपुन्हा बदलला, वर्षं जात राहिली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांतच सरकारनं वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या नागपुरात दोन्ही सभागृहांनी जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला.

साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणं, भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, हे आता गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आणि वारी, कीर्तन, प्रदक्षिणा? त्यांना हा कायदा लागू नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय.

म्हणजे बघा, "तुम्ही देव मानता का?" असं कायदा विचारतच नाही. तो विचारतो, "तुमच्या वागण्यानं कोणाला इजा होते का?" आपल्या राज्यघटनेचं २५वं कलमही धर्माचं स्वातंत्र्य देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून.

मत द्यायला जाताना आईबाबा आपली श्रद्धा घरी कुलपात ठेवून जात नाहीत, आमदारही नाहीत. पण देवघर ज्याचं त्याचं असतं, कायदा मात्र शेजारच्या घरालाही लागू होतो. म्हणून तो करताना शेजाऱ्यालाही पटेल असं कारण द्यावं लागतं.

आज जेवताना घरी विचारा, "आपल्या श्रद्धेतली कोणती गोष्ट सगळ्यांसाठी कायदा व्हावी, आणि कोणती आपल्यापुरतीच राहावी?" वाद झाला तर होऊ द्या. फक्त ताटावरून उठू नका!