सुट्टीतले इटालियन जेवण आणि पथ्य

सहलीला निघाले की पथ्यालाही सुट्टी द्यायची, असा आपल्याकडे एक समज आहे. "डॉक्टर, चार दिवसांचाच तर प्रश्न आहे," असे मधुमेहाचे रुग्ण मला सांगतात. माझे मत असे की, बाहेरचे जेवण वाईट नाही. आपण ते कसे जेवतो, यावर सारे अवलंबून आहे.

यंदा मे महिन्यात आम्ही सहकुटुंब गोव्याला गेलो होतो. मुलांच्या आग्रहाखातर एका इटालियन गृहस्थाने चालवलेल्या हॉटेलात जेवलो. बशीतला पास्ता पाहून सौ. म्हणाल्या, "एवढासाच?" पण इटलीत पास्ता हा जेवणाचा पहिला भाग असतो. माणशी साधारण 80 ते 100 ग्रॅम कोरडा पास्ता, नंतर मासे किंवा मांस, भाजी आणि बहुधा शेवटी फळ. चीज वरून किसून, तेही बेताने. आपल्याकडे 'इटालियन' म्हणून मिळतो तो बहुतेक ठिकाणी मैद्याचा जाड थर, त्यावर भरमसाट चीज आणि जोडीला थंड पेयाची बाटली.

खरा पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा. आपला बन्सी गहू त्याच जातीचा. पास्ता किंचित कडक शिजवला की सावकाश पचतो व रक्तातील साखर मैद्याच्या पावाइतकी झपाट्याने वाढत नाही. आपल्या सातारा-सांगलीकडच्या खपलीसारखा गहू इटलीत 'फारो' नावाने आजही खातात. अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1958 मध्ये सात देशांचा अभ्यास सुरू केला, त्यात इटली होती. भाज्या, कडधान्ये, फळे व ऑलिव्ह तेलाचा आहार हृदयाला हितकर, हा विचार त्यातूनच पुढे आला. तेव्हा इटलीकडून घ्यायचे ते हे. चीजचा थर नव्हे.

मधुमेह्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. हॉटेलात जेवण यायला कधी पाऊण तासही लागतो. जेवणाआधीचे इन्सुलिन किंवा गोळी लॉजवरच घेऊन निघालात, तर साखर एकदम उतरून घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते. औषध सोबत ठेवा आणि बाहेर जेवताना ते नेमके केव्हा घ्यायचे, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. खिशात साखर असू द्या. रक्तदाब असणाऱ्यांनी खारवलेले ऑलिव्ह व चीज बेताने खावे. दिवसभराचे मीठ 5 ग्रॅमच्या आत हवे.

मुलांना नवे पदार्थ जरूर खाऊ घाला. आधी कोशिंबीर मागवा, एक पिझ्झा दोघांत घ्या, पेयाऐवजी पाणी प्या आणि जेवणानंतर थोडे चाला.