सतीशिळेवरचा हात कोणाच्या वतीने बोलतो?

१/ एक उभा स्तंभ. त्यातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला स्त्रीचा हात. पंजा उघडा, मनगटात बांगड्या, माथ्यावर चंद्र-सूर्य. सतीशिळेचे असे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की त्याखाली ‘अखंड सौभाग्याचे प्रतीक’ एवढी ओळ लिहून विषय संपवला जातो. वास्तविक तो तिथे सुरू होतो. स्मृतिशिळांवरील चिन्हे कशी वाचावीत आणि कशी वाचू नयेत, याविषयी हा धागा.

२/ प्रथम एक लोकप्रिय भ्रम. घोड्याचे दोन्ही पाय उचललेले असतील तर स्वार रणात पडला, एक पाय उचललेला असेल तर तो जखमांनी गेला, असे एक ‘सूत्र’ सर्वत्र फिरते. शिवछत्रपतींचे देहावसान १६८० मध्ये रायगडावर आजाराने झाले. तरीही पाय उचललेल्या घोड्यावर आरूढ असे त्यांचे पुतळे महाराष्ट्रात जागोजागी आहेत. एका चिन्हाचा एकच अर्थ, ही कल्पना सोपी आहे, खरी नाही.

३/ वीरगळ घ्यावा. ‘गळ’ म्हणजे शिळा. कन्नड ‘कल्लु’शी या शब्दाचे नाते आहे. शिळेवर बहुधा तीन-चार चौकटी असतात आणि त्या खालून वर वाचायच्या असतात. तळाशी लढाई किंवा धारातीर्थी पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, शेंड्यावर कलश. एकच चौकट पाहणाऱ्याच्या हाती अर्धेच वाक्य लागते.

४/ तळाच्या चौकटीत गायी असतील तर मृत्यू बहुधा गोधन राखताना आलेला असतो. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर मात्र वल्ह्यांच्या नौकांचे युद्ध कोरलेले आहे. अनेक अभ्यासक ते तेराव्या शतकातील शिलाहार-यादव संघर्षाशी जोडतात. काही जण त्याला त्याहून जुने मानतात. रचना सारखीच, पण एकीकडे गावाचे गोधन आणि दुसरीकडे समुद्रावरील सत्ता. तपशील वगळला तर दोन्ही मृत्यू एकसारखेच भासतात.

५/ आता चंद्र-सूर्य. वीरगळावर त्यांचा अर्थ असा की, ते आकाशात आहेत तोवर वीराची कीर्ती राहो. सतीशिळेवरही तसाच. पण हेच चंद्र-सूर्य गधेगळावरही असतात. गधेगळ ही स्मृतिशिळा नव्हे. ते दानाचे शासन आहे. अलिबागजवळच्या आक्षी येथील शके ९३४ चा म्हणून ओळखला जाणारा लेख अशाच शिळेवर आहे. तिथे चंद्र-सूर्य सांगतात की दान चिरकाल टिको आणि ते मोडणाऱ्याला शाप लागो. चिन्ह तेच, एकीकडे गौरव, दुसरीकडे धमकी.

६/ ती धमकी कशी दिली जाते, हेही लक्षात घ्यावे. गधेगळावर खाली गाढव आणि स्त्री यांचे अश्लील शिल्प असते. दान मोडणाऱ्याच्या आईला उद्देशून दिलेली ती शिवी आहे. म्हणजे गधेगळावर स्त्रीचे शरीर शापासाठी वापरले गेले, तर सतीशिळेवर तिचा हात कुळाच्या कीर्तीसाठी. दोन्ही ठिकाणी स्त्री कोरलेली आहे. दोन्ही ठिकाणी तिचा शब्द नाही.

७/ हा प्रकार एका धर्मापुरता नाही. भारतातील अनेक जुन्या मुसलमान थडग्यांवर पुरुषासाठी कलमदान आणि स्त्रीसाठी तख्ती, म्हणजे पाटी, कोरलेली दिसते. ताजमहालात शाहजहानच्या कबरीवर कलमदान आहे, तर मुमताजच्या कबरीवर तख्ती. रूढ स्पष्टीकरण असे की लेखणी लिहिणाऱ्याची आणि पाटी लिहून घेणारीची. थडगे कोणाचे, हे या खुणा पटकन सांगतात. त्याहून अधिक त्या घडवून घेणाऱ्या समाजाविषयी सांगतात.

८/ म्हणून पहिला प्रश्न ‘या चिन्हाचा अर्थ काय?’ हा नसावा. ‘ही शिळा कोणी उभी केली आणि कोणाला दाखवण्यासाठी?’ हा असावा. ‘दगड खोटे बोलत नाही’ असे म्हटले जाते. दगड स्वतः काहीच बोलत नाही. ज्याने पाथरवटाला मोल दिले तो बोलतो. सतीशिळेवरच्या न फुटलेल्या बांगड्या सांगतात की ही स्त्री विधवा झालीच नाही. हे म्हणणे मागे राहिलेल्यांचे आहे. ती स्वेच्छेने गेली की तिला नेले गेले, याची चौकट त्या शिळेवर नाही.

९/ यावर एक आक्षेप येतो: गावे या शिळांना शेंदूर लावतात, नारळ फोडतात, नवस बोलतात, ती श्रद्धा दुखवायची का? हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याला उत्तर असे की, मृत स्त्रीविषयी आदर वेगळा आणि तिला ज्वाळांत नेणाऱ्या प्रथेचा गौरव वेगळा. १८२९ मध्ये बंगाल इलाख्यात सहगमनावर बंदी आली. तरी १९८७ मध्ये राजस्थानातील देवराला येथील घटनेनंतर नवा कायदा करावा लागला आणि त्याने सतीचे उदात्तीकरणही गुन्हा ठरवले. छायाचित्राखालच्या ‘धन्य ती माता’ या ओळीकडे हे ध्यानात ठेवून पाहावे.

१०/ शिळा फोडाव्यात वा झाकाव्यात, असा याचा अर्थ मुळीच नाही. राजांना ताम्रपट असतात, बखरी असतात. गोधन राखताना पडलेल्या गावकऱ्याला आणि चितेवर गेलेल्या त्याच्या पत्नीला बहुधा ही शिळाच असते. ती जपावी, परंतु देव म्हणून नव्हे, साक्ष म्हणून.

११/ यवतमाळ जिल्ह्यात या साक्षीचे मोल अधिक आहे. इथला वारसा खोल आहे: बाभूळगाव तालुक्यातील पाचखेड येथे नागपूर विद्यापीठाच्या उत्खननात लोहयुगीन वस्ती सापडली. त्याच युगातली नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे ही दफने आहेत आणि त्यांच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नॅकने १८७९ मध्ये त्यांची तुलना ब्रिटनमधल्या तशाच खळग्यांशी केली. पुढे ते दिशादर्शक असावेत, असाही विचार मांडला गेला. अर्थ सांगणारी माणसे गेली की उरतो तो केवळ आकार, आणि आकाराला कोणीही काहीही चिकटवू शकतो.

१२/ शिळेचा अर्थ तिच्या जागेतही असतो: वेशीवर आहे की नदीकाठी, देवळासमोर आहे की शेताच्या बांधावर. बेंबळा, इसापूर अशा धरणांनी या भागातील गावठाणे हलवली. रस्ते आजही रुंद होत आहेत. देवाची मूर्ती नव्या गावी जाते. धुऱ्यावरच्या शिळेचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. अशी शिळा दिसलीच तर चारही बाजूंनी छायाचित्र काढावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी, गाव, जागा आणि तोंडाची दिशा नोंदवावी. खडू, तेल, रंग लावू नये. ती हलवू नये. नोंद पुरातत्त्व विभागाकडे पोहोचवावी.

१३/ शेवटी पुन्हा तो हात. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले आणि उद्घाटन आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने केले. नवऱ्यामागे राहिलेल्या बाईचे जगणे कसे असते, हे तिने भरल्या मंडपात स्वतःच्या तोंडाने सांगितले.

१४/ सतीशिळेवर नेमके हेच नाही. तिथे हात आहे, बांगड्या आहेत, चंद्र-सूर्य आहेत, तोंड नाही. इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणाने त्या शिळेसमोर उभे राहावे, खालून वरपर्यंत प्रत्येक चौकट वाचावी आणि मग जे कोरलेले नाही त्याचीही नोंद करावी.