दोन सेकंद गेले कुठे?

मुलामुलींनो, या महिन्याचं गणित मैदानावरचं आहे.

माझी भाची पोलीस भरतीची तयारी करते. मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं आणि लेखी परीक्षेत अंकगणितही असतं. परवा ती सराव प्रश्नपत्रिका घेऊन आली. "खाला, यातलं उत्तर चुकीचं छापलंय!"

प्रश्न असा : एका मुलीने पहिले ४०० मीटर सेकंदाला ५ मीटर वेगाने आणि पुढचे ४०० मीटर सेकंदाला ४ मीटर वेगाने कापले. तिचा सरासरी वेग किती?

भाचीने ५ आणि ४ ची बेरीज करून निम्मी केली : ४.५. छापील उत्तर होतं साधारण ४.४४.

मी म्हटलं, "आधी वेळ काढ. अंतर भागिले वेग म्हणजे वेळ."

४०० ÷ ५ = ८० सेकंद
४०० ÷ ४ = १०० सेकंद
एकूण ८०० मीटर, १८० सेकंद
८०० ÷ १८० = ४.४४

छापील उत्तरच बरोबर! ती मुलगी जलद धावली ८० सेकंद आणि हळू धावली १०० सेकंद. हळू धावण्यात जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी ४ कडे झुकली. दोन्ही वेगांना सारखाच वेळ दिला असता, तर ४.५ बरोबर ठरलं असतं. इथे सारखं होतं ते अंतर. म्हणून वेगांची सरासरी कधीच काढू नका. एकूण अंतराला एकूण वेळेने भागा.

"एवढ्याशा फरकाने काय होतं?" भाचीने विचारलं.

४.५ च्या वेगाने ८०० मीटरला सुमारे १७८ सेकंद लागतात. म्हणजे दोन सेकंदांचा फरक. ४ च्या वेगाने धावणारी तेवढ्यात ८ मीटर पुढे जाते!

आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंद वेळ दिली. पहिला आलेल्या केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ ८ मिनिटं ११.१५ सेकंद. अविनाशचा सरासरी वेग ३००० ÷ ४९१.२, म्हणजे सेकंदाला सुमारे ६.१ मीटर. ०.०५ सेकंदात त्या वेगाने किती अंतर होतं? सुमारे ३० सेंटिमीटर. तुमच्या दप्तरातल्या पट्टीएवढं! शेवटी दोघे याहून जोरात धावले असणार, तरी सुवर्ण आणि रौप्य यांच्यामध्ये फार तर दीड पट्टी उरते.

भाचीने गुपचूप ४.५ खोडलं.

आता तुमची पाळी. १०० मीटरच्या शर्यतीत आपा धाकटीला १० मीटरने हरवते. दुसऱ्या वेळी आपा सुरुवातीच्या रेषेच्या १० मीटर मागून निघते. दोघींचे वेग तेच. कोण जिंकेल, की बरोबरी होईल? घाई करू नका. अम्मी-अब्बांनाही सोडवायला द्या. उत्तर पुढच्या अंकात.