नोकऱ्या वाढल्या की नोंदी?

प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ पासून अमलात आली असून ३१ जुलै २०२७ पर्यंत निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांना तिचा लाभ मिळावयाचा आहे. दोन वर्षांत साडेतीन कोटी नोकऱ्या आणि त्यापायी ९९,४४६ कोटी रुपयांचा खर्च, असा या योजनेचा संकल्प आहे. प्रथमच नोकरीला लागणाऱ्या कामगारास एका महिन्याच्या पगाराइतकी, पण पंधरा हजारांपर्यंतच, रक्कम दोन हप्त्यांनी द्यावयाची. आणि नवा माणूस ठेवणाऱ्या मालकास दरमहा तीन हजारांपर्यंत अनुदान दोन वर्षे द्यावयाचे, कारखानदारीत ते चार वर्षे चालू ठेवावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. ज्या देशात पदवीची सुरळी हातात घेऊन तरुण दारोदार हिंडत आहेत, त्या देशात या हेतूला कोण नावे ठेवील? परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे फळ पदरात पडतेच असे नाही. एवढा पैसा खर्चून नोकऱ्या खरोखर वाढतात काय, हा प्रश्न सरकारने स्वतःला विचारावयास हवा, आणि सरकार विचारीत नसेल तर तो जनतेने विचारला पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना पहिली गफलत होते ती मोजणीत. अमुक लाख कामगारांना लाभ मिळाला, असा आकडा प्रसिद्ध होतो आणि तेवढ्या नोकऱ्या योजनेने निर्माण केल्या असे आपण धरून चालतो. हे म्हणजे शिकवणीला जाणारी जितकी मुले उत्तीर्ण झाली, तितकी शिकवणीमुळेच उत्तीर्ण झाली, असे म्हणण्यासारखे आहे. त्यांतली किती मुले शिकवणीवाचूनही उत्तीर्ण झाली असती, हे पाहिल्याखेरीज शिकवणीचे मोल ठरत नाही. अनुदानाचेही तेच आहे. अनुदान नसते तर जी नोकरी निघालीच नसती, तेवढीच अनुदानाच्या खात्यावर जमा धरावयाची. बाकीची माणसे मालकाने आपल्या गरजेपोटी ठेवलीच असती; त्यांच्यापोटी दिलेला पैसा ही मालकाला मिळालेली निव्वळ बक्षिसी होय.

हा नुसता तर्क नव्हे. अमेरिकेत १९७८ पासून १९९४ पर्यंत अशीच एक करसवलत चालू होती. गरीब वर्गातील माणसे कामावर ठेवली की मालकाला करात सूट मिळे. १९९४ साली तेथील श्रमखात्याच्या महानिरीक्षकांनी तपासणी केली तेव्हा असे आढळले की, लाभ घेतलेल्यांपैकी शेकडा ९२ जणांना मालकांनी सवलत नसती तरीही कामावर घेतले असते. टिमोथी बार्टिक या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने उद्योगांना मिळणाऱ्या सवलतींचा आयुष्यभर अभ्यास केला. सवलत मिळालेल्या शंभर उद्योगांपैकी दोन ते पंचवीस उद्योगांचाच निर्णय सवलतीमुळे बदलतो, असा त्यांचा २०१८ चा निष्कर्ष आहे. विस्कॉन्सिन राज्याने २०१७ साली फॉक्सकॉन कंपनीला तेरा हजार नोकऱ्यांच्या आश्वासनावर सुमारे तीनशे कोटी डॉलरांच्या सवलती देऊ केल्या. २०२१ साली करार नव्याने करावा लागला, तेव्हा तेरा हजारांचे १,४५४ उरले. मात्र सवलतीही त्याच मानाने आठ कोटी डॉलरांवर आल्या, कारण नोकरी दिसल्याशिवाय पैसा द्यावयाचा नाही, असे कलम करारात होते. एवढा शहाणपणा तेथे शिल्लक राहिला होता!

आता आपल्या योजनेकडे वळू. साडेतीन कोटी नोकऱ्यांनी ९९,४४६ कोटींना भागले, तर दर नोकरीमागे सुमारे अठ्ठावीस हजार रुपये पडतात. हा सौदा स्वस्त दिसतो. परंतु यांतील दहांपैकी एकच नोकरी खरोखर नवी ठरली, तर त्याच नोकरीची किंमत दोन लाख चौऱ्याऐंशी हजारांवर जाते. स्वस्त की महाग, हे त्या एका प्रमाणावर अवलंबून आहे, आणि नेमके तेच प्रमाण काढण्याची तजवीज व्हावयास हवी.

मालकाच्या बाजूनेही हिशेब मांडून पाहावा. वीस हजारांहून अधिक आणि लाखापर्यंत पगार असलेल्या नोकरीमागे त्याला दरमहा तीन हजार मिळतात. लाखाच्या पगारावर हे शेकडा तीन झाले. एवढ्यासाठी कोणता व्यवहारी मालक नको असलेला माणूस ठेवील? उलट, पंधरा हजार पगाराच्या कामगारामागे अनुदान दोन हजार आहे. आणि त्याच कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीत मालकाला शेकडा बाराप्रमाणे अठराशे रुपये भरावे लागतात. म्हणजे अनुदानाने निधीची वर्गणी भागते आणि वर थोडे उरते. येथे नवा माणूस ठेवण्यापेक्षा, आजवर पटाबाहेर राबत असलेला जुनाच माणूस पटावर चढविण्याचा मोह अधिक आहे.

आमचा या पटावर चढविण्याला विरोध नाही. वर्षानुवर्षे नोंदीवाचून राबलेल्या कामगाराला निधी मिळाला, निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला, तर ते पुण्याचेच काम आहे. पण त्याला त्याच्या नावाने ओळखावे. नोंद झाली म्हणजे नोकरी निघाली, असे सांगितले गेले तर बेकारीचा खरा आकार झाकला जातो, आणि जो तरुण अजून दाराबाहेरच उभा आहे तो हिशेबातून नाहीसा होतो.

पैसा संपल्यावर काय, हा दुसरा प्रश्न. जॉर्डनमध्ये २०१० साली पदवीधर तरुणींसाठी सहा महिन्यांच्या पगाराच्या हुंड्या देण्याचा प्रयोग झाला. हुंडी चालू होती तोवर नोकरीतील मुलींचे प्रमाण भराभर वाढले. मुदत सरताच ती वाढ बहुतेक ओसरली. आपल्या राज्यातही २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना निघाली. बारावी झालेल्यास सहा हजार, पदविकाधारकास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार असे विद्यावेतन ठरले. मुदत आधी सहा महिन्यांची होती, पुढे ती अकरा महिन्यांची झाली; आणि ती संपत आली तसे तेच तरुण कायम नोकरी मागत रस्त्यावर आले. त्यांचे काय चुकले? ज्याला दार म्हणून दाखविले, ती भिंत निघाली.

मग सवलती सर्वस्वी फुकटच जातात काय? तसे म्हणणेही अन्यायाचे होईल. २००३ साली हिमाचल प्रदेश व उत्तराखंड या राज्यांना केंद्राने करमाफी दिली. रितम चौरे यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथे कारखान्यांची संख्या, उत्पादन व रोजगार ही तिन्ही वाढल्याचे दिसून आले. म्हणजे सवलत कधी फळते आणि कधी फळत नाही. ती कोठे फळते, हे ओळखणे हीच राज्यकर्त्यांची कसोटी होय.

आपल्या महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६४ साली मागास भागात जाणाऱ्या उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आली. मुंबई-पुण्याबाहेर जितके दूर जावे तितकी सवलत मोठी, असा तिचा न्याय. तरीही १९८३ साली प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी दांडेकर समिती नेमावी लागली, आणि २०१३ साली केळकर समितीलाही तोच असमतोल पुन्हा मांडावा लागला. याउलट औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योग रुजले. कारण तेथे सवलतीच्या जोडीला जायकवाडीचे पाणी, तयार जमीन, रस्ते आणि शिकलेले हात होते. पाणी, वीज व कारागीर नसलेल्या तालुक्यात नुसती करमाफी म्हणजे खडकावर पेरलेले बियाणे होय.

नव्या योजनेत काही गोष्टी चांगल्या आहेत, हे मोकळेपणाने सांगावयास हवे. आधीच्या पटापेक्षा संख्या वाढलीच पाहिजे, पन्नासांहून कमी कामगार असलेल्या मालकाने निदान दोन आणि मोठ्याने निदान पाच माणसे अधिक ठेवली पाहिजेत, आणि ती सहा महिने टिकली पाहिजेत, या अटी विचारपूर्वक घातलेल्या आहेत. पण एका कारखान्याचा पट वाढला म्हणजे देशाचा पट वाढतोच असे नाही. शेजारच्या कारखान्यातून निघालेला कामगार येथे भरती झाला, किंवा अनुदानाच्या बळावर एकाने दुसऱ्याचा धंदा खाल्ला, तर बेरीज होती तेथेच राहते.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. अनुदान घेणाऱ्या आस्थापनांची नावे, त्यांचा आधीचा पट व नंतरचा पट सरकारने जिल्हावार प्रसिद्ध करावा. अनुदान घेतलेल्या आणि न घेतलेल्या सारख्याच आस्थापनांची तुलना सरकारी खात्याबाहेरच्या तज्ज्ञांकडून करवावी, आणि तो अहवाल ३१ जुलै २०२७ पूर्वी संसदेपुढे ठेवावा. अनुदान संपल्यानंतर एक वर्षाने किती कामगार कामावर टिकले, याची वेगळी नोंद व्हावी. आणि लाखाच्या पगारामागे जाणारा पैसा आखडता घेऊन तो लहान कारखाने, प्रथमच घराबाहेर पडणाऱ्या स्त्रिया आणि मागास तालुक्यांतील पाणी, रस्ते व तंत्रशाळा यांकडे वळवावा.

हा पैसा आकाशातून पडलेला नाही. काडेपेटी विकत घेणारा मजूरही त्यात आपला वाटा कर म्हणून घालतो, आणि त्याच मजुराचा मुलगा या योजनेकडे डोळे लावून बसला आहे. दोन वर्षांनी त्याच्यापुढे लाभार्थ्यांचे आकडे नाचवून भागणार नाही. त्याला नोकरी मिळाली की नाही, आणि मिळाली असेल तर ती टिकली की नाही, याचा हिशेब सरकारला द्यावा लागेल. तो देण्याची तयारी आजच झाली पाहिजे. कारण आधीचा पट जपून ठेवला नाही, तर नंतर मोजावयास काहीच उरणार नाही.