व्याजाची चर्चा पुरे, मुद्दल फेडू या

घरासाठी बँकेचे कर्ज घ्यावे की नाही, यावर आपल्याकडे भरपूर चर्चा होते. जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीच्या पायऱ्यांवर होते, वलीम्याच्या दस्तरखानावर होते, ईदच्या शीरखुर्म्याबरोबरही होते. एक जण म्हणतो, सूद हराम आहे, विषय संपला. दुसरा म्हणतो, मजबुरी आहे, काही उलेमांनी सवलतही दिली आहे. तिसरा मान खाली घालून शीरखुर्मा खात राहतो, कारण पाच तारखेला त्याच्या खात्यातून हप्ता कापला जाणार असतो. त्याला पुढे काय करायचे हे कोणीच सांगत नाही.

जायज-नाजायजचा निकाल देणे हा माझा अधिकार नाही. सूरह बकराच्या 275 ते 279 या आयतींत सूदाबद्दल काय म्हटले आहे ते आपल्याला ठाऊक आहे, आणि मजबुरी कुठे सुरू होते यावर उलेमांत मतभेद आहेत हेही ठाऊक आहे. आपल्या देशात इस्लामी बँक नाही. तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये ठरवले. भाड्याचे घर बघायला जावे तर नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असते आणि नाव सांगितल्यावर ती ‘आत्ताच गेलेली’ असते. अशा परिस्थितीत शिक्षक, कारकून, नर्स, एसटीतले कंडक्टर, पगारावर जगणाऱ्या हजारो घरांनी कर्ज घेतले आहे. घेतलेल्या कर्जावर दहा वर्षे वाद घालून त्यातला एक रुपयाही कमी होत नाही. व्याज खरोखर टोचत असेल, तर ते टोचणे बँकेच्या पावतीवर मुद्दलाच्या रकान्यात दिसले पाहिजे, असे माझे मत आहे.

आता थोडे आकडे. मी उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून हे आकडे आमच्या गणिताच्या सरांकडून तपासून घेतले आहेत. समजा, 20 लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के दर, 20 वर्षे मुदत. हप्ता येतो 17,356 रुपये. पहिल्या हप्त्यातले 14,167 रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होते फक्त 3,189 रुपयांनी. वर्षभरात आपण 2 लाख 8 हजार भरतो आणि कर्ज उतरते 40 हजारांच्याही आतच. वीस वर्षांत घेतलेल्या 20 लाखांवर साडेएकवीस लाखांहून अधिक नुसते व्याज जाते. म्हणजे घर एक आणि किंमत दोन घरांची.

याच कर्जात पहिल्या महिन्यापासून दरमहा 3,000 रुपये जास्त भरले, तर ते 20 वर्षांऐवजी सुमारे 14 वर्षे 1 महिन्यात फिटते. वाचणारे व्याज सव्वासात लाखांच्या पुढे जाते. आमच्या स्टाफरूममध्ये हा आकडा सांगितला तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. सरांनी फळ्यावर मांडून दाखवले तेव्हा बसला.

एकरकमी भरण्याचा हिशेब तर याहून बोलका आहे. पहिले वर्ष संपताच 1 लाख रुपये मुद्दलात भरले तर पुढचे 26 हप्ते गळून पडतात, म्हणजे जवळपास साडेचार लाख रुपये. तोच 1 लाख पंधरा वर्षे उलटल्यावर भरला तर गळतात जेमतेम आठ-नऊ हप्ते. रक्कम तीच, फरक फक्त वेळेचा. आणि आपल्याकडे नेमक्या पहिल्या पाच-सात वर्षांत घराला फर्निचर होते, दाराला नक्षी होते, वास्तूची दावत होते, मग धाकट्या दिराचे लग्न येते.

लग्नाबद्दल बोलले की लोकांना राग येतो, तरी बोलते. निकाहला लागतात दोन साक्षीदार, मेहर आणि इजाब-कबूल. बाकी मंगनी, हळद, मेहंदी, संगीत, हॉलची रोषणाई, दोन प्रकारची बिर्याणी आणि वर तिसरे चायनीजचे काउंटर, हे सारे आपण जोडलेले आहे. ज्या घरावर कर्जाचे दुसरे वर्ष चालू आहे त्या घराने हॉलवर 1 लाख जादा खर्च केला, तर तो हॉल साडेचार लाखांना पडला असे समजावे. सूदाला हराम म्हणणारे आपले लोक लग्नपत्रिकेच्या खर्चाला इसराफ म्हणताना का अडखळतात, हे मला कळत नाही. मौलानासाहेबांनी सूदावर एक खुतबा दिला, तर एक हॉलवरही द्यावा.

म्हणून ‘चहा सोडा, रिक्षा सोडा’ या सल्ल्यावर माझा फारसा भरवसा नाही. दिवसाचे दोन चहा सोडून वाचतील सहाशे रुपये, आणि माणूस चिडचिडा होईल ते वेगळेच. तीन हजार निघतात ते मोठ्या गोष्टींतून. हप्त्यावर घेतलेला नवा मोबाईल, रविवारी बाहेरून मागवलेले जेवण, रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतला बाजार (जे दिवस इबादतीचे, ते आपण कपड्यांच्या दुकानात घालवतो), जुनी स्कूटर चालत असताना शेजाऱ्याने घेतली म्हणून घेतलेली गाडी. नोकरदारांकडे आणखी एक जागा आहे: महागाई भत्त्याचा फरक आणि दरवर्षीची वेतनवाढ. पगार वाढला की खर्च त्याच्या मागे धावत जातो. वाढलेल्या पगारातली निम्मी वाढ पहिल्याच महिन्यात कर्जाकडे वळवली, तर ती कधी हातात आली होती हेही आठवत नाही.

पण काटकसर कोणाच्या वाट्याला येते हेही बघायला हवे. आपल्या घरांत कात्री आधी स्वयंपाकघरात लागते. दूध अर्ध्या लिटरवर येते, कामवाली बंद होते, घरातल्या बाईची तपासणी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून दोन-दोन वर्षे लांबते. मुलाचा क्लास चालू राहतो आणि मुलीचा थांबतो. घरच्या कर्त्याचा मित्रांबरोबरचा नाश्ता मात्र तसाच असतो. ही काटकसर नव्हे. उर्दूतला किफायत हा शब्द अरबीतून आलेला आहे आणि त्याच्या मुळाशी ‘पुरेसे असणे’ हा अर्थ आहे. बाईच्या औषधाला पुरत नसेल तर ती किफायत कसली? नवरा-बायकोने एका वहीत दोघांचा खर्च लिहावा. माझ्या अनुभवात पहिल्या तीन महिन्यांत ती वही भांडणे लावते, मग कामाला लागते.

भिशीचा उपयोग आपल्याकडे लोक सोने किंवा सोफा घेण्यासाठी करतात. बारा जणींनी महिन्याला 5,000 टाकले की प्रत्येकीला एकदा 60,000 मिळतात, तेही एक पैसा व्याज न देता-घेता. (बोली लावून उचलतात ती भिशी मी धरत नाही, त्यात कमी घेऊन उचलणारी बाई सूदच देते.) ही रक्कम थेट मुद्दलात भरावी. हातात रोज उरलेले पैसे टिकत नाहीत, पण भिशीचा हप्ता चुकवायची सोय नसते, मैत्रिणी दारात येतात. आमचे स्वतःचे वीस वर्षांचे कर्ज दहाव्या वर्षात आहे आणि आता चार वर्षांचे उरले आहे. त्यात भिशीचा वाटा मोठा आहे.

शिकलेले भाऊबंद म्हणतात, घरकर्ज हे सगळ्यांत स्वस्त कर्ज, ते लवकर फेडू नका, ते पैसे एसआयपीत टाका, वर करसवलत आहेच. करसवलतीचे सांगायचे तर जुन्या कररचनेत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंत वजावट मिळते, नव्या रचनेत ती मिळत नाही. मिळत असली तरी 20 टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस 100 रुपये व्याज देऊन कराचे 20 वाचवतो. बाजार जास्त देईलही, पण तो देईल की नाही हे आज सांगता येत नाही, व्याज मात्र आज ठरलेले आहे. शिवाय ज्याला व्याज देणेच नको आहे, त्याला ‘व्याज देत राहा, नफा होईल’ हा सल्ला काय कामाचा?

आमच्यासारख्यांना घाई असण्याचे आणखी एक कारण आहे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीत आलेल्या बहुतेक शिक्षकांना जुनी पेन्शन नाही. अडतिसाव्या वर्षी घेतलेले वीस वर्षांचे कर्ज 58 व्या वर्षी, म्हणजे निवृत्तीलाच फिटते, आणि तेही दर वाढला नाही तर. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला तेव्हा कितीतरी जणांची मुदत त्यांना न कळता वाढली होती.

लवकर फेडायचे म्हणून हात पूर्ण रिकामा मात्र करू नये. पाच-सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा, नाहीतर आजारपण आले की सोने गहाण पडते. पतसंस्थेचे किंवा क्रेडिट कार्डाचे देणे असेल तर ते आधी, कारण त्याचा दर घरकर्जाहून जास्त असतो.

बँकेत जाताना दोन गोष्टी माहीत असाव्यात. बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा आदेश जून 2012 चा आहे. आणि पैसे भरताना अर्जावर स्वच्छ लिहावे: ‘हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी.’ आम्ही पहिल्यांदा 50,000 भरले तेव्हा काउंटरवरच्या साहेबांनी परस्पर हप्ता कमी करून टाकला आणि वर म्हणाले, ‘मॅडम, तुमचाच फायदा.’ फायदा कोणाचा ते वर लिहिलेच आहे. आम्ही अर्ज देऊन तो बदलून घेतला. 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आला, तेव्हाही आम्ही हप्ता जुनाच ठेवायला सांगितले.

शेवटचा हप्ता भरला की लोक पेढे वाटतात आणि कागद विसरतात. बँकेने मूळ कागदपत्रे 30 दिवसांत परत द्यायची असतात. डिसेंबर 2023 पासूनच्या नियमाप्रमाणे तिच्याकडून उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. कर्ज फिटल्याचा दाखला घ्यावा, आणि तो घेऊन तलाठी किंवा सिटी सर्व्हेच्या कचेरीत अर्ज करावा. सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो आपोआप उतरत नाही.