तुमचं गाव १९५० आधी कोणाकडे होतं? कडा-आष्टी परिसरात हा प्रश्न आज का महत्त्वाचा?

कडा बीड जिल्ह्यात, पण इथून नगर जवळ आणि बीड लांब. नगर-बीडची हद्द ७५ वर्षांपूर्वी नुसती जिल्ह्यांची नव्हती. ती दोन राज्यांची सीमा होती.

नेमकं काय होतं?

बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर नगर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. पण सीमा सरळ नव्हती. नगरच्या जामखेड तालुक्यातली काही गावं निजामाच्या मुलखानं चहूबाजूंनी वेढलेली होती. अशा बेटासारख्या प्रदेशाला 'एन्क्लेव्ह' म्हणतात. शेजारच्या गावात सोयरीक असली, तरी तिथला कायदा वेगळा, पोलीस वेगळे. निजामाकडे नाणंही स्वतःचं, 'हाली सिक्का'. माल हद्दीपार न्यायचा तर करोडगिरी, म्हणजे जकात.

ही बेटं कशी संपली?

१५ ऑगस्ट १९४७ नंतर हैदराबाद संस्थानच स्वतंत्र भारतानं वेढलेलं बेट झालं. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ते भारतात आलं. जानेवारी १९५० मध्ये केंद्रानं खास आदेश काढून प्रांतांमधल्या अशा गावांची अदलाबदल केली. भारत आणि बांगलादेशाला हेच करायला २०१५ उजाडलं.

मग आज त्याचं काय?

२ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानं मराठवाड्यातल्या मराठा समाजाला कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा आधार मिळाला. जमिनीचा पुरावा नसेल, तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी पूर्वज त्या भागात राहत होते, असं प्रतिज्ञापत्र देता येतं.

पण हा निर्णय आजच्या मराठवाड्यापुरता आहे आणि हैदराबाद गॅझेट जुन्या संस्थानाचं. अदलाबदल झालेल्या गावांत या दोन हद्दी जुळत नाहीत. आज बीडमध्ये असलेलं गाव तेव्हा मुंबई इलाख्यात असेल, तर हैदराबाद गॅझेटमध्ये त्याचा उल्लेख कसा सापडणार? आज नगरमध्ये असलेलं गाव तेव्हा निजामाकडे असेल, तर उल्लेख गॅझेटमध्ये, पण गाव मराठवाड्याबाहेर.

जुने कागद वाचणंही सोपं नाही. निजामाचा सरकारी कारभार उर्दूत, जुने मराठी कागद मोडीत.

म्हणून सीमेवरच्या कुटुंबांनी नोंद शोधण्याआधी एक गोष्ट तपासावी: पणजोबांच्या काळात आपलं गाव कोणत्या राज्यात होतं? गाव जागचं हललं नाही, सरकार मात्र बदललं. दाखल्याचा शोध तिथूनच सुरू होतो.