कराराचा दुसरा पक्ष

मुस्लिम स्त्रीच्या प्रश्नाचा विचार पुरोगामी व्यासपीठांवर सुरू झाला की तो तलाकपासून सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. यामागे इतिहास आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना बरोबर घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, तेव्हा तोंडी तलाक हाच जळता प्रश्न होता. १९८५ चा शाहबानो निकाल, त्यावर पाणी ओतणारा १९८६ चा कायदा, सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निवाडा आणि पतीला तुरुंगात धाडणारा २०१९ चा कायदा, या साऱ्यांचा रोख विवाहाच्या शेवटाकडे आहे. विवाहाची सुरुवात कशी होते, जोडीदार कोण शोधतो, कोणत्या अटींवर शोधतो, याची चर्चा चळवळीने फारशी केलेली नाही. आणि जिला नमाज-रोजा सोडायचा नाही, पण नोकरीही सोडायची नाही, अशा तरुणीची तर मुळीच नाही.

अशी तरुणी आज महाराष्ट्रातील प्रत्येक मोठ्या शहरात आहे. ती बी.एड. झालेली शिक्षिका असेल, औषधशास्त्राची पदवीधर असेल किंवा एखाद्या कचेरीत हिशेब पाहत असेल. तिच्याकडे जी स्थळे येतात त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार होतात. दीनदार म्हणवणाऱ्या घरांना तिची नमाज पसंत असते, पगारही नापसंत नसतो. मात्र नोकरी ‘निकाहापर्यंत’ हवी असते. सुधारलेल्या घरांना तिची नोकरी चालते, पण डोक्यावरचा रुमाल खटकतो. साहेबांच्या मेजवानीला ती कशी दिसेल याची त्यांना चिंता. एक घर तिच्या कमाईवर बंदी घालते, दुसरे तिच्या श्रद्धेवर. दोन्हीकडे तिच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार गृहीतच धरलेला असतो. (हिंदू घरांतील ‘अनुरूप स्थळ’ याहून फार वेगळ्या मापाने मोजले जाते, असा समज कोणी करून घेऊ नये.)

हा केवळ मानसिकतेचा प्रश्न नव्हे. त्याच्या तळाशी अर्थकारण आहे. उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या सरकारी पाहणीत मुस्लिम विद्यार्थ्यांची देशभरातील संख्या सुमारे १९ लाख होती आणि त्यांत मुलींचा वाटा जवळजवळ निम्मा होता. एकूण समाजाच्या मानाने हा आकडा तुटपुंजाच. तथापि मुलींनी मुलांची बरोबरी गाठली, ही गोष्ट लहान नाही. मालेगाव-भिवंडीत मुलगा दहावीच्या आगेमागे यंत्रमागावर, गॅरेजात किंवा गाडीच्या चाकामागे जातो, कारण पदवी घेऊनही नोकरी मिळेल याची त्याला खात्री वाटत नाही. कोकणातला मुलगा आखाताची वाट धरतो. बहीण मात्र शिकत राहते. परंतु नवरा बायकोहून अधिक शिकलेला, अधिक मिळवणारा असावा ही अपेक्षा जागची हललेली नाही. परिणामी शिकलेल्या मुलीसाठी बाजार आक्रसतो आणि पदवीधर मुलाचा भाव वधारतो. इस्लाममध्ये हुंड्याला आधार नाही, मेहर वरानेच वधूला द्यायची असते. तरी जहेजच्या नावाने गाडी आणि घरसामान मागितले जाते, ते या टंचाईच्या जोरावर. धर्मग्रंथाचा आधार येथे कोणी विचारीत नाही.

दुसरी गोष्ट घराची. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून हजारो कुटुंबे मुंब्र्यासारख्या वस्त्यांत लोटली गेली. मुस्लिम नावाला भाड्याचे घर नाकारण्याची रीत आजही अनेक सोसायट्यांत आहे. म्हणून या तरुणीला नवरा निवडताना मोहल्लाही निवडावा लागतो. सासर कोणत्या वस्तीत आहे, तेथून कचेरी किती दूर, रात्री आठला लोकलमधून उतरल्यावर शेअर रिक्षा मिळते की नाही, यावर तिची नोकरी टिकणार की सुटणार हे ठरते. नोकरी सुटल्यावर दोष मात्र बुरख्याला दिला जातो.

मग धर्म तिच्या बाजूने काहीच बोलत नाही काय? बोलतो, आणि बरेच बोलतो. निकाह हा मुळात करार आहे. १८८६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी त्याचे हे करारस्वरूप स्पष्ट केले. वधूची संमती त्यात अनिवार्य आहे. हनफी मतानुसार सज्ञान स्त्री स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. कोकणी मुसलमानांच्या शाफई मतात वलीचे स्थान अधिक भक्कम आहे, हा भेद कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा. हजरत खदीजा स्वतः व्यापार करीत होत्या आणि विवाहाचा प्रस्ताव त्यांच्याकडूनच गेला होता, हे कोणताही मौलवी नाकारणार नाही. निकाहनाम्यात अटी घालता येतात: शिक्षण व नोकरी चालू राहील, पतीने दुसरा विवाह केल्यास पत्नीला तलाकचा अधिकार राहील. हा प्रदत्त अधिकार, म्हणजे तलाक-ए-तफवीज, भारतीय न्यायालयांनी वेळोवेळी मान्य केलेला आहे. खुला घेताना स्त्रीला बहुधा मेहरवर पाणी सोडावे लागते. येथे तसे नाही.

मेहरविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. ती बहुधा रुपयांत लिहिली जाते आणि तिचा मोठा हिस्सा पुढे देण्याच्या बोलीवर ठेवला जातो. चलनवाढीच्या देशात याचा अर्थ उघड आहे. पंचवीस वर्षांपूर्वी ११ हजार लिहिले असतील, तर आज त्यातून दोन-तीन महिन्यांचे घरभाडेही निघणार नाही. उलट जुन्या परंपरेतील मेहर-ए-फातिमी ५०० दिरहमांची, म्हणजे सुमारे दीड किलो चांदीची. धातूत लिहिलेली रक्कम भाववाढीने वितळत नाही. बाराव्या-तेराव्या शतकातील फकीहांना अर्थशास्त्राची पदवी नव्हती, पण आजच्या वधूपित्यांपेक्षा त्यांना पैशाचे मोल अधिक कळत होते, असे म्हणावे लागते.

ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २००५ साली आदर्श निकाहनामा प्रसिद्ध केला, तेव्हा तो पुरेसे संरक्षण देत नाही अशी टीका स्त्री-संघटनांनी केली आणि ती रास्त होती. पण पुरोगामी गोटात निकाहनाम्याचा विषय काढला की ‘समान नागरी कायदा येऊ द्या, मग पाहू’ असे उत्तर मिळते. ते येईपर्यंत जी मुलगी पुढच्या शुक्रवारी कबूल म्हणणार आहे तिने काय करावे? १९५४ चा विशेष विवाह कायदा आहेच. परंतु जिला निकाह हवा आहे तिला निकाहातच संरक्षण मिळाले पाहिजे. आधी श्रद्धा सोड, मग तुझी बाजू घेऊ, असे सांगणारी चळवळ त्या दोन घरांपैकी दुसऱ्या घरासारखीच वागते.

पक्षाच्या कार्यालयांत रेशनकार्डाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून दिले जातात. त्याच टेबलावर उर्दू व मराठीत अटींसह छापलेला निकाहनामा ठेवता येईल. वस्तीतील काझी मंडळींशी आधी बोलावे लागेल. त्यांतले काही तयार होतील, काही होणार नाहीत. अटी मंगनीच्या आधी दोन्ही घरांनी वाचलेल्या असाव्यात, कारण मांडवात, पाहुण्यांसमोर, वधूपिता कशालाही हो म्हणतो. हे काम महिला आघाडीवर ढकलून चालणार नाही. मुलाच्या बापाशी बोलायला पुरुष कार्यकर्तेच जावे लागतील.